तिसऱ्या खांबापुढचं अक्षर

३ फेब्रुवारी

दादा,

'साष्टांग नमस्कार' लिहिलं तर तू म्हणशील टोमणा मारतेय, नाही लिहिलं तर म्हणशील हिला वळण नाही. म्हणून नुसतं दादा. सहा वर्षांनी लिहितेय, एवढं चालवून घे. फोन करून पाहिला होता. तुझा नंबर माझ्यासाठी लागत नाही हे आता माझ्या डोक्यात शिरलंय, म्हणून पोस्टाचा रस्ता धरला.

वहिनी, पाकीट तुम्ही फोडलं असेल तर राग नाही. फक्त वाचून झालं की त्याच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका.

काम अगदी छोटं आहे. बाबांच्या एका नकाशातलं एक अक्षर मला लागत नाहीये. जुन्या बाजारामागचं ते ज्यूंचं सिनेगॉग तुला आठवत असेल, ज्याचं आपण कागदाचं गोदाम करून दिलं. आपण म्हणजे बाबांनी आणि तू. मी बारा वर्षांची होते आणि टेपचं शून्याचं टोक धरून उभी राहायचे. त्या लोकांची वस्ती पांगली, प्रार्थनेला लागतात तेवढे दहा पुरुषही जमेनात, तेव्हा त्यांनी इमारत विकली. या गोष्टीला तेहतीस वर्षं झाली.

आता गोदामही उठलंय. नवे मालक गाद्या विकतात आणि आम्ही सगळे त्यांना गादीवालेच म्हणतो, त्यांनाही ते चालतं. जिथे लोक तास न् तास उभं राहून प्रार्थना करायचे, तिथे आता लोक बूट काढून आडवे होणार आणि पाठीला बरं वाटतंय का ते सांगणार. भिंतीतला तो मोठा कोनाडा, ज्यात पडद्यामागे त्यांच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या असायच्या, त्यात सगळ्यात भारी गादी उभी करायची आहे, वरून दिवा सोडून. मधल्या वाचनाच्या चौथऱ्यावर बिलं करायचं टेबल. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. काम मिळालंय ते टिकवायचं असतं.

सज्जा मात्र आहे तसाच आहे. बायकांचा सज्जा, तीन बाजूंनी फिरलेला, बारा खांबांवर. पुढे लाकडी जाळी, बायकांना खालचं दिसावं आणि खालच्यांना बायका दिसू नयेत अशी. वर निळं छत आणि त्यावर रंगवलेल्या चांदण्या, त्यातल्या निम्म्या पोपडे होऊन गळाल्यात. बोळाच्या बाजूचा बायकांचा वेगळा जिनाही शाबूत आहे.

तर बाबांच्या नकाशात या बारांपैकी पाच खांबांपुढे पेन्सिलने 'भा.' लिहिलंय. भा आणि टिंब. बाकी सातांपुढे काहीच नाही. 'भिं.' म्हणजे भिंत, 'तु.' म्हणजे तुळई, एवढं मलाही येतं. पण 'भा.' म्हणजे काय? भार की भास? म्हणजे तो खांब वजन घेतो, की जोडीला जोडी हवी म्हणून नुसता शोभेला उभा केलाय? बाबांची ही असली आखूड अक्षरं तुला तोंडपाठ होती. एका कार्डावर एक शब्द लिहिलास तरी भागेल. घाई काही नाही, नुसती उत्सुकता.

परवा कपाट आवरताना बाबांची मोजमापाची वही सापडली. पहिल्या पानावर 'भाऊसाठी' असं लिहिलंय. सगळ्या जगाचा तू दादा, पण बाबांचा भाऊ, त्यांच्या गेलेल्या भावाच्या आठवणीचा. वही तुझी आहे, हवी असेल तर पाठवते.

बाकी ऑफिस आहे तसंच आहे. बाबांच्या नाव-पत्त्याचा छापील कागद बघून तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझी,
छोटी


७ फेब्रुवारी

दादा,

पोस्टाला वेळ लागतो असं मी स्वतःला बजावतेय. तू कार्ड घेऊन बसला असशील आणि एक शब्द लिहायच्या आधी तीनदा विचार करत असशील, असंही बजावतेय. चेष्टा करत नाहीये. म्हणजे करतेय थोडी, सवय आहे.

घाई नाही असं मी लिहिलं होतं. थोडी आहे. सोळा तारखेला उद्घाटन आहे. गादीवाल्यांचे कामगार, त्यांची कुटुंबं, नातेवाईक, मिळून दीडशे माणसं सज्ज्यावर बसवायची आणि खाली चौथऱ्यावरून भाषण, असा बेत आहे. सगळी माणसं वरून आपल्याकडे बघतायत, हे त्यांना फार आवडलंय.

आणि मी नकाशातलं एक अक्षर नुसतं वाचत बसलेली नाही. रस्त्याकडचं दार काचेचं करायचंय आणि त्या दाराच्या बरोबर समोर एक खांब येतो, जिन्यापासून तिसरा. गादीवाल्यांचं घोडं तिथेच अडलं. 'रस्त्यावरून बघणाऱ्याला आधी खांब दिसतो, मग गादी. मला आधी गादी दिसायला हवी,' असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. त्या तिसऱ्या खांबापुढे बाबांचं 'भा.' आहे.

मी आंधळेपणाने काही केलेलं नाही, हे आधी ऐकून घे. कोनाड्याच्या बाजूचा एक खांब मी उघडून पाहिला. त्याच्यापुढेही 'भा.' होतं. आत लाकडी पट्ट्या, त्यावर गिलावा आणि पोटात भुसा. लोखंडाचा कण नाही. कोनाड्याच्या दोन्ही अंगांना सारखं दिसावं म्हणून उभा केलेला, शुद्ध देखावा. मग तिसऱ्या खांबावर टकटक केलं, तोही पोकळ वाजला. तेव्हा 'भा.' म्हणजे भास, असं मी धरलं. तुझ्यासारखी पाचच्या पाच खांब उघडत बसले नाही. तिसरा खांब काढायचा नकाशा काढला, खाली सही केली आणि परवानगीच्या कचेरीत दिला.

आता तू विचारशील की एवढं पक्कं आहे तर मला कशाला लिहितेस. उगाच. जिवाला स्वस्थता हवी म्हणून.

त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसमोर मी तुला जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे. 'तू इंजिनियर नाहीस, नुसता भित्रा आहेस. तुझ्या तीन-तीनदा तपासण्यापायी हातची कामं जातात.' तू पेन्सिल टेबलावर ठेवलीस आणि डबा उचलून निघून गेलास. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की दादालाच निवृत्त व्हायचं होतं. अजून तेच सांगते.

इमारतीत एक आजी रोज येतात. त्यांच्यातल्या, इथे उरलेल्या दोन-तीन जणांपैकी एक. लहानपणी वर सज्ज्यात बसायच्या, म्हणून गवंड्यांनी त्यांचं नाव 'वरच्या आजी' पाडलंय. काठी टेकत येतात, दारातल्या खुर्चीवर बसतात, कोणाला काही विचारत नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, 'गाद्यांचं दुकान म्हणजे बरं आहे. निदान इथे येऊन माणसं गप्प पडून राहतील.' मला हसू आलं, पण त्यांना आलं नव्हतं.

लिही.

छोटी


१० फेब्रुवारी

दादा,

आज खरं लिहिते. मागच्या दोन पत्रांत मी लपवाछपवी केली. तुला वास आला असेलच, तुला माझ्या सुतासारख्या सरळ बोलण्याचाच जास्त संशय यायचा.

तिसरा खांब काढून झालाय. पहिल्या तारखेला. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी.

आपले गवंडीकाकाच कामावर आहेत, तेव्हाचेच, आता केस पार पांढरे झालेत. गिलावा फोडला, पट्ट्या काढल्या आणि त्यांनी मला हाक मारली. 'ताई, आत बीड आहे.' मी जाऊन पाहिलं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं गोल नळकांडं, वीतभर रुंद, आतून पोकळ. पट्ट्यांचा आणि गिलाव्याचा नुसता अंगरखा होता. मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं की हा पावसाच्या पाण्याचा पाइप. बरोबर त्याच्या वर छपराच्या दोन उतरणी मिळतात. पाणी खाली आणायला पाइप सोडला असेल आणि तो दिसू नये म्हणून त्याला खांबाचं सोंग दिलं असेल. किती छान जुळलं सगळं. भास तो भासच, पोटात पाइप.

काका म्हणाले, 'दादा असते तर आज थांबले असते.'

बस, एवढंच म्हणाले. आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं झाली, ऑफिस मी चालवते, सही माझी असते, आणि अजून दादा असते तर. मी म्हटलं, 'काका, दादा नाहीत. कापा.' त्यांनी कापलं. सज्ज्याखालचा सगळा तुकडा काढला. सज्ज्याच्या वरचा भाग छतापर्यंत तसाच आहे, तो दारातून दिसत नाही, म्हणून गादीवाल्यांना त्याचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी बोळाकडच्या जिन्याचं दार लागेना. आदल्या दिवसापर्यंत एका बोटाने लागायचं. सुताराने रंधा मारला, लागलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा लागेना. तेव्हा मी ऑफिसात येऊन तुला ते 'घाई नाही'वालं पत्र लिहिलं.

सज्ज्याच्या पोटाला, दुसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधोमध, एक भेग आहे. जुनी असेल. गोदामवाल्यांच्या वेळची असेल. तिच्या टोकाशी मी पेन्सिलने रेघ मारून तारीख घातलीय. पाच तारखेची रेघ आहे, सातची आहे, आजची आहे. तिन्ही एका जागी नाहीत. आज तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली, तू चिकटवायचास तशी. पातळ काच, दोन्ही टोकांना गिलाव्याचा गोळा. भेग हलली तर काच तडकणार, नाही हलली तर शाबूत राहणार. मला ते बघून तू तेव्हा म्हणाला होतास, काच खोटं बोलत नाही. मी म्हटलं होतं, काचेला गिऱ्हाईक सांभाळायचं नसतं.

सध्या सकाळी इमारतीत शिरले की पहिल्यांदा मान वर जाते. गवंडी वर पाय वाजवत चालले की मी कागद चाळत असल्याचं दाखवते. काका बघतात.

तू मला माफ करू नकोस, हवं तर शिव्या लिही. पण 'भा.' म्हणजे काय ते सांग. भास असेल तर मी सुटले. भार असेल तर मला लगेच कळायला हवं. दीडशे माणसं येणार आहेत, दादा.

छोटी


१३ फेब्रुवारी, दुपार

दादा,

काच तडकली.

सकाळी आठला पाहिली तेव्हा सरळ मधून चिरलेली होती. केसाएवढी चीर, पण आरपार. मी शिडीवर उभी राहून तिच्यावरून बोट फिरवलं आणि कापून घेतलं. काकांनी विचारलं, 'काय झालं?' मी म्हटलं, 'काही नाही, काच लागली.' काच लागली हे खरंच होतं म्हणा.

मग दहाच्या सुमाराला वरच्या आजी आल्या. आज खुर्चीवर बसल्या नाहीत. दाराच्या आत येऊन, जिथे तिसरा खांब होता त्या जागी उभ्या राहिल्या आणि काठीने फरशीवरचा नवा तुकडा टोकरला.

'माझा कान कुठे गेला?' त्यांनी विचारलं.

मला वाटलं वयाप्रमाणे काहीतरी बरळतायत. मी त्यांना हाताला धरून खुर्चीकडे न्यायला लागले, तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि सांगितलं. वर जाळीमागे बायका इतक्या कुजबुजायच्या की खालचं वाचन मुलींना ऐकूच यायचं नाही. त्यांचे वडील खाली याच खांबाला टेकून बसायचे. या पोरींना सापडलं होतं की वर सज्ज्यात याच खांबाला कान लावला की खालचं सगळं ऐकू येतं. वाचन, वडिलांचं खोकणं, शेजाऱ्याशी हळूच केलेलं बोलणं. 'मी लग्न करून जाणार हे मला आधी या खांबाने सांगितलं,' आजी म्हणाल्या. 'वडील खाली कोणाशी तरी बोलत होते. आम्ही याला कान म्हणायचो.'

मी विचारलं, 'आजी, याच खांबाला? दुसऱ्या नाही?'

'दुसऱ्यांना लावून बघितला की. ते मुके होते. हा आणि पलीकडचे दोन बोलायचे.'

'आणि पावसात? आतून पाणी वाहिल्याचा आवाज यायचा?'

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी खांबाला भूक लागायची का असं विचारलं होतं. 'पाणी कशाला येईल? पाण्याचे पन्हळ बाहेर बोळात आहेत. अजून आहेत.'

मी बोळात जाऊन पाहिलं. आहेत. दोन महिने मी रोज त्यांच्या बाजूने येत-जात होते.

सांगायला नको, पण सांगते. खालचा आवाज वर जातो म्हणजे नळकांडं सज्ज्याच्या तळाशी तुटलेलं नाही. फरशीपासून छतापर्यंत एकसंध आहे. होतं. सज्जाही त्याच्यावर आणि छपराचा कोपराही त्याच्यावर. बिडाचा खांब पोकळच ओततात, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात. भंगारात टाकलेला तुकडा मी मागच्या अंगणात जाऊन पाहिला. कड अंगठ्याएवढी जाड आहे. पाण्याच्या पाइपला एवढी जाडी कोण देतं? त्या दिवशीही मी ती कड पाहिली होती. पाहिली आणि नजर फिरवली. हे आजपर्यंत मी कोणालाच सांगितलेलं नाही, स्वतःलासुद्धा नाही.

आता गालिचा टाकायला चार माणसं वर होती. मी त्यांना चहाला म्हणून खाली बोलावलं. चहा झाला, ती परत वर निघाली. जिन्याचं दार लावून घ्यावं म्हटलं तर ते लागत नाही. म्हणून मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेय आणि मांडीवर पाटी घेऊन तुला हे लिहितेय. पायरी अरुंद आहे, मी बसले की वाट बंद होते. त्यांना सांगितलं, हिशेब चुकलाय, पुन्हा मोजायचंय, तोवर थांबा. ती बिचारी पलीकडे गाद्यांवर बसलीयत. गादीवाले चारला येतात. आता तीन वाजलेत.

त्यांना सांगितलं की सही गेली, नाव गेलं, बाबांनी चाळीस वर्षं जपलेलं सगळं गेलं. एक विचार असाही येतोय की गुपचूप दोन टेकू लावावेत, पडदे सोडून झाकावेत आणि उद्घाटन होऊ द्यावं. दीडशे माणसं एक तास बसतील आणि जातील. काही होणारही नाही कदाचित. हा विचार मी लिहून काढतेय, कारण डोक्यात ठेवला तर तो मला पटेल.

तू असतास तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. एवढंच की ते करायला तू असायला हवा होतास.

चार वाजत आले. पत्र काकांजवळ पोस्टात टाकायला देते.

छोटी


१४ फेब्रुवारी

दादा,

सांगितलं.

गादीवाले आले तेव्हा मी पायरीवरच होते. त्यांनी विचारलं, 'बाई, इथे का बसलाय?' मी म्हटलं, 'कोणी वर जाऊ नये म्हणून. मी चुकीचा खांब काढलाय. सज्जा खाली येतोय.' एका दमात म्हटलं, मध्ये थांबले असते तर पुढचं आलं नसतं.

ते आधी हसले. मग वर काचेकडे पाहिलं, मी शिडी धरली, ते चढले, बघून उतरले. मग म्हणाले, 'पण तुमची सही आहे.' मी म्हटलं, 'म्हणूनच सांगतेय.' ते म्हणाले, 'पत्रिका वाटल्यात. दीडशे लोकांना काय सांगू?' मी म्हटलं, 'माझं नाव सांगा.' यापुढे त्यांनी जे काही म्हटलं ते लिहीत नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात.

संध्याकाळपर्यंत काकांनी अकरा टेकू उभे केले. सज्ज्याखाली आता लोखंडी दांड्यांचं रान झालंय, गादी सोडच, रस्त्यावरून समोरची भिंत दिसत नाही. वरचा तो लटकलेला तुकडा खालून पेलून धरलाय. सगळ्यांना बाहेर काढलं. काकांनी शेवटचा टेकू आवळला, हात पुसले आणि मला म्हणाले, 'तुम्हीही बाहेर चला आता, ताई.' मी बाहेर येऊन बोळात पन्हळाखाली उभी राहिले आणि रडले. काका पाठ करून उभे राहिले, भला माणूस.

आज सकाळी कचेरीत जाऊन माझा नकाशा मागे घेतला. चूक माझी आहे असं लिहून दिलं. कारकुनाने दोनदा विचारलं, 'असं लिहून देताय? ठेकेदाराचं नाव घालायचं नाही?' म्हटलं, 'नाही.' चौकशी होणार आहे. परवाना राहील की जाईल, देव जाणे.

आता 'भा.' म्हणजे भार की भास, याने फरक पडत नाही. तरी तुझं उत्तर यावं असं वाटतं. एवढी चार पत्रं गेली आणि तू एक ओळ पाठवली नाहीस. मी तुला भित्रा म्हटलं, पण तू एवढा दगड होशील असं वाटलं नव्हतं. रागात लिहितेय. राग आलाय.

छोटी


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझी तीन कार्डं आज मिळाली. तिन्ही एकदम.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ऑफिस आहे तसंच आहे. नाहीये. दोन वर्षांपूर्वी हलवलं. जुन्या जागी आता एक शिंपी बसतो. नव्या जागेच्या पाटीवर फक्त माझं नाव आहे, बाबांची पाटी खोक्यात आहे, आणि फोनही बदललाय. तुला ते कळू नये म्हणून मी जुने कागद शोधून त्यावर लिहिलं. पाचही पत्रं. उत्तरही त्याच पत्त्यावर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तू, पत्ता असेल तिथेच उत्तर पाठवणारा माणूस, तिथेच पाठवलंस. शिंप्याने ती कार्डं बटणांच्या डब्यात जपून ठेवली होती. आज त्याच्या दारावरून जाताना त्याने हाक मारली. तुला दगड म्हटलं ते परत घेते.

तुझं पहिलं कार्ड सहा तारखेचं आहे. माझं पत्र मिळाल्या दिवशीच लिहिलंस. मी ते इथे उतरवून काढते, कारण आता ते मला पाठ झालंय.

'छोटी, भार नाही आणि भासही नाही. भा. म्हणजे भाऊ. त्या दिवशी बाबांची कंबर धरली होती, ते दारातल्या पायरीवर बसले होते. सात खांब त्यांनी आधीच बघितले होते, उरलेले पाच मी बघितले. मी नुसती टकटक केली आणि त्यांना पोकळ म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, भा. लिहून ठेवतो, नंतर मी स्वतः बघेन. त्यांनी नंतर बघितलं नाही, आणि मी आठवण केली नाही, कारण मला घरी जायची घाई होती. ते खांब काय आहेत मला माहीत नाही. कशालाही हात लावू नकोस.'

दुसरं दहा तारखेचं. 'पहिलं मिळालं का? सही केलीस हे वाचलं. काम थांबव. फोन लागत नाही.' तिसरं तेराचं, त्यात एकच ओळ. 'तू भित्रा म्हणालीस ते बरोबर होतं, त्या पाच खांबांपासून मी तसाच आहे.'

हे वाचून शिंप्याच्या दुकानात मी स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं.

भाऊ. माझ्या डोळ्यांसमोर होतं रे. पहिल्याच पत्रात मी स्वतःच्या हाताने लिहिलंय की बाबा तुला भाऊ म्हणायचे. तेच अक्षर, तीच पेन्सिल, आणि मी कॉलेजात शिकलेली, म्हणून मला भार आणि भास सुचलं. तू मात्र सुचला नाहीस. बाबांनी त्या खांबांबद्दल काहीच लिहून ठेवलं नव्हतं. फक्त विचारायचं कोणाला, तेवढं लिहून ठेवलं होतं.

आता ऐक. त्या पाचांतले उरलेले तीन मी काकांकडून उघडून घेतले. आजी खुर्ची आत आणून बसल्या होत्या आणि प्रत्येक खांब उघडायच्या आधी सांगत होत्या, हा बोलका, हा मुका. एकही चुकल्या नाहीत. तिसऱ्यासकट तीन बिडाचे, दोन भुशाचे. चौकशीचं पत्र आलंय, पुढच्या महिन्यात बोलावलंय. गादीवाल्यांनी दारावर 'लवकरच' अशी पाटी लावलीय आणि माझ्याशी ते काकांमार्फतच बोलतात. तिसऱ्याच्या जागी पोलादी खांब बसवायचा नकाशा तयार आहे. कोणाची सही चालेल ते कचेरी ठरवेल. त्यासाठी परत सगळं मोजावं लागेल, आणि मला आता माझ्या एकटीच्या मोजण्यावर भरवसा नाही.

नवा नकाशा मी पेन्सिलने काढलाय. बारा खांब आहेत. अकरांपुढे स्वच्छ लिहिलंय, आत काय आहे आणि कोणी पाहिलं ते. तिसऱ्यापुढे जागा सोडली होती. आज तिथे 'भा.' लिहिलं.

टेकू काढायच्या कागदावर नियमाप्रमाणे एकच सही लागते. मी कचेरीला लिहून दिलंय की इथे दोन लागतील, आणि दुसरी कोणाची तेही लिहून दिलंय. नवा पत्ता खाली आहे, फोनही. टेपचं शून्याचं टोक मी धरते, मला तेवढं अजून जमतं. तू येईपर्यंत अकराच्या अकरा टेकू तिथेच राहतील.

छोटी